एन्झाइमची पूजा

धाकू आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई. त्याआधी वीस वर्षं मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात होता. शिक्षण सातवी, पण गार काय नि गरम काय हे त्याच्याइतकं आमच्या एकाही पीएचडीवाल्याला कळत नाही. मी ग्रंथालयात कारकून, तेव्हा हे बोलायला माझं काही जात नाही.

गेल्या एप्रिलात मृणालीच्या संशोधनासाठी एक एन्झाइम आलं. माणसाच्या रक्तातली चरबी फोडणारं, पण जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. करंगळीएवढी बाटली, उणे ऐंशी अंशांवर ठेवायची. ऊब लागली की कामातून गेली. दुसरी यायला सहा महिने लागणार होते, आणि मृणालीची पीएचडीची मुदत ऑगस्टात संपत होती.

आता आमच्याकडे नवा झाडू आला तरी नारळ फुटतो. विभागप्रमुख सरांनी लगेच लोकार्पण सोहळा ठरवला. देणगीदार पाहुणे लोटे औद्योगिक वसाहतीतून येणार होते.

"धाकू, दहा वाजता बाटली ताटात काढून ठेव. हार, हळदकुंकू, सगळं."

"सर, म्हावरा नि ही बाटली, दोघांची गत एकच. भायेर ऱ्हायली की गेली."

"तू मला शास्त्र शिकवू नकोस."

मृणाली विनवायला गेली, तर तिला पाहुण्यांच्या मानाबद्दल ऐकून घ्यावं लागलं.

पाहुणे दीडला उगवले. तोवर बाटली मांडवात, झेंडूच्या ढिगात. मग विज्ञान आणि संस्कृती यावर चाळीस मिनिटं भाषण झालं. बाटलीला कुंकू लागलं, फोटो निघाले, मंडळी जेवायला गेली. मृणाली जिन्याखाली बसून रडत होती. मला इतका संताप आला की श्रीखंडाला मी हात लावला नाही, आणि माझ्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे.

धाकू तिच्याजवळ गेला. "बाय, गप ऱ्हा. तुजी बाटली फ्रीझरातनं हललीच नाय. ताटात होती ती दुसरी. नळाचं पानी भरलं होतं."

ती हसली, आणि मग आणखीच रडली.

जुलैत प्रयोग जमला. सरांनी अहवालात पाहुण्यांच्या हातगुणाचे आभार मानले. खरं एन्झाइम वापरून संपलं होतं, पण कुंकवाची बाटली उरलीच होती. ती कॉलेजचा ऐतिहासिक ठेवा म्हणून फ्रीझरात जपायचा लेखी आदेश निघाला.

आता धाकू रोज सकाळी त्या नळाच्या पाण्याचं तापमान वहीत लिहितो. एक अंश जरी वर गेला तर मेमो मिळेल, अशी सरांची ताकीद आहे.