मयतीच्या वहीतला मच्छिंद्र

निम्मी ओसरी सारवून झाली होती. शेणाचा हात तसाच धरून द्वारकाबाई बसून राहिल्या. नवरा, बद्रीनाथ पाटील, आत्ता जे बोलले त्यानंतर हात पुढं फिरेना.

बद्रीनाथ धावड्याचे पाटील. साठ एकर काळं रान, पोळ्याला पहिली बैलजोडी त्यांची. पण आजोबा उत्तरेकडून घोडे घेऊन जालन्याच्या छावणीत आलेले, पुढं इथं जमीन घेऊन राहिलेले. म्हणून तिसऱ्या पिढीतही ते 'परदेश्याचं घर'च. पटकीच्या साथीत पाटलांनी सात तिरड्यांना खांदा दिला. तरी मागच्या पोळ्याला गावातली झुंबरबाई चारचौघींत म्हणालीच, "परदेश्याला गावचं काय दुखणार बाई? बूड उचलून दुसरीकडं जायची सवयच हाय त्येंला."

ते पाटलांना लागलं होतं.

मग याच झुंबरबाईचा मुलगा मच्छिंद्र निजामाची हद्द ओलांडून बुलढाण्याकडं गेला, रझाकारांशी लढणाऱ्यांच्या तळावर. अशा पोरांच्या घरांची यादी वरून मागवली गेली. यादीतल्या घरांचं काय होतं ते आसपासच्या गावांत सगळ्यांनी पाहिलेलं. जन्ममृत्यूची वही पाटलाच्याच हातची. त्यांनी पटकीच्या सात मयतांखाली आठवं नाव घातलं, मच्छिंद्र. जित्या माणसाचं मरण तोंडानं उच्चारू नये म्हणून कुणाला सांगितलं नाही. झुंबरबाईलासुद्धा नाही.

तिथंच चुकलं. अठ्ठेचाळीसचा श्रावण लागला. नागपंचमीला मच्छिंद्राची बायको सोनूबाई ठसठशीत कुंकू लावून, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून वारुळाला गेली. कुणीतरी वर कळवलं. उद्या सकाळी तहसिलीतला पेशकार शिपाई घेऊन मयताचं घर बघायला येणार होता.

"तिचं कपाळ रितं पाह्यजे, हात रिते पाह्यजेत," पाटील म्हणाले. "बाप्या माणूस कसा सांगल दुसऱ्याच्या सुनेला? तूच जा."

द्वारकाबाईंनी वर पाहिलं नाही. "वीस वर्षं वडाला सूत गुंडाळलं मी. अन् जित्या नवऱ्याच्या बायकोला कुंकू पूस म्हणू? कोणत्या तोंडानं जाऊ देवीपुढं?"

"सोंगच हाय ते. दोन दिवसांचं."

"देवीला सोंग कळतं व्हय? तिकडं त्याच्या जिवाला काही झालं तर?"

पाटलांनी पागोट्याचा शेव चाळवला. "वही खोटी निघाली तर आधी तिची सासू, मंग मी. तू न्हाई गेलीस तर तुझंच पुसावं लागंल, द्वारके."

आजवर पाटलांनी त्यांना नावानं हाक मारली नव्हती.

त्या उठल्या. हात धुतले. देवघरावरून जाताना रोजच्यासारख्या वाकल्या, पण देवीच्या तोंडाकडं बघायचं धाडस झालं नाही. आपलं कुंकू मात्र चाचपून पाहिलं, आणि त्याचीच लाज वाटून हात झटकन खाली घेतला. अर्धं अंगण ओलांडून झालं तेव्हा पाटील मागून हळूच म्हणाले, झुंबरबाई शिव्या देईल, ऐकून घे.

डोक्यावरचा पदर सारखा करून द्वारकाबाई झुंबरबाईच्या घरी सोनूबाईच्या बांगड्या फोडायला निघाल्या.