यादीबाहेरचे अकरा

दिल्लीतल्या एका कृषी संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात भानुमती रणपिसे यांचं टेबल होतं. शास्त्रज्ञांनी प्रश्न लिहून द्यायचा आणि त्या विषयावर जगभरात काय छापून आलंय त्याची यादी बाईंनी तिसऱ्या दिवशी हातात ठेवायची, असा बावीस वर्षांचा शिरस्ता. आधी जाडजूड सूचीखंड चाळून, मग सीडीवरून आणि आता वर्गणी भरून घेतलेल्या शेतीविषयक डेटाबेसमधून. हिंदी सहकारी त्या टेबलाला ‘भानुमती का पिटारा’ म्हणत, म्हणजे मागाल ते निघेल असा पेटारा. बाईही हसत.

२००६च्या मे महिन्यात मात्र पेटाऱ्यावरच गदा आली. ग्रंथालय समितीपुढे सूचना आली, की इंटरनेटवर फुकटचं सर्च इंजिन असताना डेटाबेस हवा कशाला आणि टेबल तरी कशाला? बाईंना पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर बसवावं. सूचना मांडणारी होती भक्ती, वांग्यावरच्या किडींवर काम करणारी तरुण शास्त्रज्ञ. मयूर विहारात बाईंच्या मागच्याच सोसायटीत राहणारी, रोज त्यांच्याबरोबर चार्टर्ड बसनं येणारी.

त्या दिवशी परतताना तिनं हळूच विचारलं, “काकू, नाराज आहात?”

“छे! माझ्याच शेजारी बसून माझी खुर्ची काढतेस, कौतुक आहे तुझं.”

“पर्सनल नाहीये हो, बिल्कुल नाही. मी दोन मिनिटांत दोनशे बारा पेपर काढले. तुम्ही तीन दिवस घेता.”

“दोनशे बारा? वाचलेस किती?”



संचालकांनी तोडगा काढला. एकच प्रश्न दोघींनी आपापल्या रीतीनं शोधावा. प्रश्न भक्तीचाच: वांग्यातली फळ पोखरणारी अळी निंबोळीच्या अर्कानं आवरते का? जुलैत ती त्याचीच चाचणी लावणार होती. दोन्ही याद्या ताडून अहवाल बाईंनी लिहायचा. त्यांच्या नेकीबद्दल कुणाला शंका नव्हती.

भक्तीनं ‘ब्रिंजल’ टाकून शोधलं होतं. आपल्याकडे सगळे तेच म्हणतात. पण बाहेरचे लोक वांग्याला एगप्लांट म्हणतात, नाहीतर ऑबर्जिन. डेटाबेसवाले प्रत्येक निबंधावर वांग्याचं एकच ठरलेलं नाव नोंदवतात, मग लेखकानं काहीही लिहिलेलं असो. त्यामुळे बाईंच्या हाती तैवान, फिलिपिन्स, बांगलादेश सगळं लागलं: कामाचे एक्केचाळीस निबंध. भक्तीच्या दोनशे बारांमध्ये एकच निबंध तीनतीनदा होता, कित्येक ठिकाणी नुसतं शीर्षक होतं आणि काहींत वांग्याचा उल्लेख फक्त ओझरता. चाळून उरले एकोणतीस.

बाईंना वाटलं, जिंकले. मग नेहमीच्या सवयीनं त्यांनी भक्तीच्या यादीतलं एकेक नाव आपल्या यादीशी पेन्सिलीनं जुळवायला घेतलं आणि अकरा नावं जुळेनात.

चूक असेल म्हणून त्यांनी डेटाबेस पुन्हा धुंडाळला. ती अकरा तिथं नव्हतीच. ती होती आपल्याच कृषी विद्यापीठांच्या परिसंवादांतली टिपणं, कुणीतरी वेबसाइटवर चढवून ठेवलेली. डेटाबेसच्या नियतकालिकांत ती येणार कुठून? पेटाऱ्यात नाही ते जगात नाही, असं मानून बाईंनी बावीस वर्षांत किती याद्या दिल्या असतील! 

अहवालात एक्केचाळीस विरुद्ध एकोणतीस एवढंच लिहिलं असतं तरी खोटं नव्हतं. टेबल शाबूत राहिलं असतं. बाईंनी तो कागद टाइपही केला. मग जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती अकरा टिपणं वाचत बसल्या. नववं वाचून उठल्या, कागद फाडला आणि नवा लिहिला.

समितीत त्यांनी सरळ सांगितलं, “मेरी सूची में ग्यारह चीज़ें छूट गई थीं. भक्ती के सर्च में मिलीं. और नौवीं उन्हें आज ही पढ़नी चाहिए.”

नवव्या टिपणात महाराष्ट्रातली एक चाचणी होती. तोच अर्क, तेवढाच कडक. दोन वर्षं पावसाळ्यात फवारला आणि दोन्ही वर्षं धुऊन गेला. हिवाळ्यात मात्र अळी निम्म्यावर आली होती.

भक्तीनं कागद ओढून घेतला. “जुलाई में लगाती तो पूरा सीज़न जाता,” ती म्हणाली. मग संचालकांकडे वळली. “सर, ये मेरी ही लिस्ट में था. मैंने खोला तक नहीं. पढ़ा काकू ने.” भर बैठकीत आपण ‘काकू’ म्हटलं, हेही तिच्या ध्यानात आलं नाही.

संचालक हसले. “तो भानुमतीजी, दोनों में से रखें क्या?”

“दोन्ही, सर,” बाई घाईत मराठीतच बोलून गेल्या. भक्तीनं लगेच हिंदी केलं आणि स्वतःची सूचना मागे घेतली.

डेटाबेस आणि टेबल वर्षभर ठेवून मग पुन्हा पाहावं, असं ठरलं. वर्ष म्हणजे काही जन्म नव्हे, पण बाईंना तेवढं पुरे होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बावीस वर्षांच्या याद्यांची फडताळं उघडली. ज्या शास्त्रज्ञांचं काम अजून चालू होतं त्यांच्या याद्या वेगळ्या काढल्या आणि पहिलीच हातात घेऊन शेजारी बसलेल्या भक्तीला म्हणाल्या, “हं, भेंडी. तुझ्या इंजिनात टाक. माझं काय सुटलंय ते बघू.”