इतर कपात

ऑफिसच्या नोटीस बोर्डावर एक फोटो लागलाय. मोठे साहेब पूरग्रस्तांसाठी पुठ्ठ्याचा भलामोठा चेक देताहेत. पैसे आमचे, प्रत्येकाचा एका दिवसाचा पगार. करसवलतीसाठी पावती मागायला गेलो, तर अकाउंट्सच्या जोशीबाई म्हणाल्या, “पावती एकच आली, कंपनीच्या नावाची. तुमच्याकडे पगाराची स्लिप आहे की.” स्लिपवर लिहिलं होतं, ‘इतर कपात’. उशिरा आल्याचा दंडही आमच्याकडे याच नावाखाली कापतात.

सवलत गेली खड्ड्यात. आमच्या गावच्या देवळात कुणी साधा पंखा दिला, तरी तिन्ही पात्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवतात. पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, पण असतं. इथे मात्र माणसाने मनापासून दिलेलं दंडाच्या पंगतीत बसवतात, आणि वर फोटो स्वतःचा लावतात. मी स्लिप चुरगळून खिशात कोंबली.

झाडलोट करणाऱ्या मालनबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आपली स्लिप काढली. “दादा, मी पुरासाठी दिलेलं यात कुठं लिहिलंय?”

मी ‘इतर कपात’वर बोट ठेवलं. त्या ओळीवर घडी पडणार नाही अशा बेताने त्यांनी स्लिप दुमडली आणि पुन्हा पिशवीत जपून ठेवली.