देवाचं देणं आणि एक बेडरूम

“इतर काही देणी?” मी विचारलं.

“हाय की,” फ्रान्सिस भालेराव म्हणाले. “देवाचं.”

मी पेन खाली ठेवलं. होम लोनच्या धंद्यात माणसं देणी लपवतात. मेव्हण्याच्या नावावर काढलेली मोटारसायकल, गावातल्या पतसंस्थेचं कर्ज, बायकोला न सांगता लावलेली भिशी, सगळं आम्हाला उकरून काढावं लागतं. आणि इथे एक गृहस्थ, साधा चहाही अजून आला नव्हता, आपण होऊन देवाचं देणं सांगत बसले होते.

“पप्पा!” त्यांची मुलगी शीला कपाळाला हात लावून म्हणाली. “ते नका सांगू. त्या ईएमआयचं विचारतायत.”

“ते बी दर म्हयन्याला जातंच की. मंग देणंच झालं.”

मी शिरूरच्या ऑफिसात एका गृहकर्ज कंपनीत काम करते. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके माझ्या गळ्यात आहेत. कर्ज द्यायच्या आधी आम्ही गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बसतो, त्याला पीडी म्हणतात, म्हणजे पर्सनल डिस्कशन. नाव मोठं आहे, काम साधं. हा माणूस हप्ते भरेल की नाही, हे कागद सांगतात त्याहून त्याचं घर जास्त सांगतं. तोंडाने चहा प्यायचा आणि डोळ्यांनी घर वाचायचं.

हे घर दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर होतं. भालेराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते आणि रिटायरमेंटला आले होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. शीला रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होती आणि कारेगावात मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. तिने कारेगावातच एका नव्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके पाहून ठेवला होता. कर्ज तिच्या नावाने, वडिलांच्या पेन्शनचा आधार. आईवडिलांना स्वतःजवळ आणायचं, एवढाच तिचा हट्ट. केस सोपी होती. मी तर जेवायच्या आत जवळच्या राहू गावात, माहेरी पोचायचा बेत करून आले होते.

चहा घेऊन आल्या त्या तेरेजाबाई, भालेरावांच्या मंडळी. आधी काही बोलेनात. मी घराबद्दल विचारलं आणि बाईंचा बांधच फुटला.

“समदा जलम क्वार्टरात गेला बघा, मॅडम. भितीला खिळा मारायचा तर भ्या वाटतं. ह्यो ओटा बघा, किती बुटका हाय. वाकून वाकून कंबर गेली.” मग जरा लाजून म्हणाल्या, “परवा शीलाबरूबर कारेगावला गेल्ते. आपला किचन बघितला. अजून भितीला गिलावा झाला न्हाई, पर ओट्याचं काम चालू हाय. मिस्त्री बिहारचा. त्येला हात कमरंला लावून दाखवला, म्हनलं, भैया, इतना उंच करना.”

“मग केला का?”

“हसला आन् ‘हाँ माताजी’ म्हनला. करंल.”

हे सांगताना त्यांनी हात पुन्हा कमरेशी नेला आणि तसाच ठेवला. शेकडो माणसं मला घराविषयी सांगतात. बहुतेकांना रेट सांगायचा असतो, पार्किंग सांगायचं असतं. या बाईला त्या ओट्याशी नुसतं ताठ उभं राहायचं होतं. मला त्यांच्यासाठी ते घर फार व्हावंसं वाटलं, हे मी सरळच सांगते. आमच्या कामात असं वाटून घ्यायचं नसतं.

आता देवाच्या देण्याकडे येते. आमचा हिशोब असा असतो की महिन्याच्या कमाईतली साधारण निम्मी रक्कम हप्त्यात जाऊ शकते. आधीचे हप्ते चालू असतील तर ते त्यातून वजा करायचे आणि उरलेल्यावर कर्ज बसवायचं. भालेरावांच्या खात्यातून पगार जमा झाला की त्याच दिवशी त्याचा दहावा हिस्सा एका खात्यात जात होता. चर्चच्या सिस्टर लोक चालवतात त्या वृद्धाश्रमाचं ते खातं. पण आमचं सॉफ्टवेअर नास्तिक आहे. दर महिन्याला ठरावीक पैसे एकाच खात्यात जाताना दिसले की ते त्याला हप्ता म्हणतं. त्यामुळे भालेराव गप्प बसले असते तरी मला विचारावंच लागलं असतं.

“काका, दहावा हिस्सा जास्त नाही का होत?”

“पैला हिस्सा देवाचा, मॅडम. मंग दूध, किराणा, लाइटबिल. हे माझ्या बापापासनं हाय.”

“आणि महिनाअखेरीला कमी पडलं तर?”

“देव पुरवतो. आजवर चूल थंड न्हाई ऱ्हायली.”

त्यांची पद्धतही त्यांनी सांगितली. येशूच्या तसबिरीखाली एक फळी होती, तिच्यावर मेणबत्ती आणि जपमाळ. घरखर्चाचे पैसे एटीएममधून आणले की आधी त्या फळीवर ठेवायचे, प्रार्थना करायची आणि मगच खर्चाला हात लावायचा. मला ते आवडलं. पण घर वाचायची सवय जाते कुठे? दाराशी पिको-फॉलच्या साड्यांचा ढीग होता. नाताळात अर्ध्या कॉलनीच्या करंज्या याच घरातून जातात, हे शीलाच्या तोंडून निघून गेलं होतं. तेव्हा देव पुरवत असेल तर तो तेरेजाबाईंच्या हातांनी पुरवत होता, अशी माझी नोंद. ती मी फाइलमध्ये केली नाही.

निघताना नेहमीचा प्रश्न विचारला. घरात आणखी कोण?

“पोरगा हाय,” भालेराव म्हणाले. “विल्सन. भाईर असतो.”

मी ‘मुलगा बाहेरगावी’ असं लिहिलं आणि उठले.

ऑफिसात हिशोब मांडला. देवाचा हिस्सा हप्ता धरला तर कर्ज खाली येत होतं. किती खाली? त्या दहाव्या हिश्शात बरोबर एक बेडरूम बसत होती. मी आमचे मॅनेजर भोसले सर यांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, दौंडची केस अडकली.”

“कशात?”

“देवात.”

त्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं.

“अहो, मग हे दान आहे. व्हॉलंटरी. एका ओळीचं अंडरटेकिंग घ्या, सही घ्या, हप्ता काढून टाका. यात अडकायला काय झालं?”

अंडरटेकिंग म्हणजे हमीपत्र. मी लगेच टाइप केलं. ‘दरमहा दिली जाणारी ही रक्कम ऐच्छिक असून आम्ही ती कधीही थांबवू शकतो.’ खाली दोन सह्यांची जागा, कारण खातं नवराबायकोच्या नावाने होतं. पैसे देणं थांबवा, असं आम्ही म्हणत नव्हतो. फक्त थांबवू शकतो एवढं लिहून द्या. इतकी सोय तर कुणी सख्खा मेहुणाही करून देत नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर मी क्वार्टरवर गेले. भालेराव अजून चर्चच्या कपड्यांतच होते. त्यांनी कागद वाचला, जरा घुटमळले. मग शीलाकडे पाहिलं आणि पेन मागितलं.

“देवाला माझं मन ठावं हाय. कागद कंपनीसाठी हाय.” आणि सही केली.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. कागद तेरेजाबाईंकडे सरकवला. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत ती एक ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग कागद हळूच माझ्याकडे परत सरकवला.

“ह्ये माझ्यानं न्हाई व्हायचं.”

“मम्मी!” शीला उभीच राहिली. “नुसती सही आहे. पैसे थांबवायचे नाहीत.”

“कळलं मला. ‘कधीही थांबवू शकतो’ लिवलंय. आपून थांबवू शकत न्हाई.”

शेवटी भालेरावच बोलले, खाली बघत. विल्सन बाहेरगावी नोकरीला वगैरे नव्हता. तो घर सोडून गेला होता. त्याला पुण्यात कसलासा कोर्स करायचा होता आणि पैसे भरायचे होते. घरात नव्हते. तो म्हणाला, काही महिने देवाचा हिस्सा मला द्या. बाप म्हणाला, त्याला हात लावायचा नाही, देव तुझंही बघेल. पोरगं म्हणालं, मग मी तुमचा कोण? आणि सकाळी अंथरुणात नव्हता.

“कंची गाडी धरली ठावं न्हाई,” भालेराव म्हणाले. “दौंडातनं गाड्या कुठं कुठं जात्यात, तुमाला म्हाईतच हाय. लई हुडकला.”

तो हिस्सा तोवर चर्चला जायचा. पोरगा गेल्यावर तेरेजाबाईंनी संत अंतोनीला नवस बोलला. मला हे नवीन होतं, त्यांनीच समजावलं. हरवलेलं सापडावं म्हणून कॅथलिक लोक संत अंतोनीला साकडं घालतात आणि त्याच्या नावाने गरिबांना पाव देतात. बहुतेक जण वस्तू सापडल्यावर देतात. तेरेजाबाईंनी आधीपासूनच सुरू केला. विल्सन घरी येईपर्यंत तो हिस्सा आश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या पावाला.

“ते पैसं त्येचंच हायेत, मॅडम. त्येला दिलं न्हाईत, म्हून हितं देते. मी हितं कुणाला तरी खाऊ घालते, तर तिकडं त्येला बी कुणी तरी घालत आसंल. मी थांबवू शकते आसं लिवलं, तर तिकडलं बी थांबंल.”

मी हिशोबाची बाई. पण मलाही मुलगा आहे, आणि हा हिशोब मला एका दमात कळला.

मग त्यांनी विचारलं, अगदी आशेने, “मॅडम, ह्यात ‘पोरगा आल्यावर थांबवू’ आसं लिवता येतंय का?”

मी तिथूनच भोसले सरांना फोन लावला. रविवार होता, तरी त्यांनी उचलला.

“सर, अंडरटेकिंगमध्ये अट घातली तर चालेल? मुलगा परत आल्यावर पेमेंट बंद, अशी.”

“कधी येणार तो? तारीख घ्या. तारीख असेल तर शॉर्ट टर्म धरू, हप्त्यात मोजणार नाही.”

“तारीख नाही, सर.”

“अंदाजे?”

मी तेरेजाबाईंकडे पाहिलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, जणू फोनवर त्याचीच काही खबर होती.

“अंदाजेही नाही.”

सरांनी आकडे पुन्हा एकदा विचारून घेतले. माणूस वाईट नाही. “मग बसत नाही, मॅडम,” ते म्हणाले.

ऑफिसची भाषा माझ्या तोंडून गळून पडली. “मावशी, न्हाई वो बसत. म्या लई बघितलं.”

शीला रडायला लागली. “तुलाच पाहिजे होतं ना घर? तूच त्या मिस्त्रीला ओटा दाखवून आलीस ना?”

“पायजे व्हतं आसं कशाला म्हनतीस? अजून बी पायजे हाय,” तेरेजाबाई म्हणाल्या. त्यांनी रडून घेतलं नाही, पण त्यांचा हात आपोआप कमरेशी गेला होता. मला तिथे बसवेना.

कारेगावचा फ्लॅट गेला. तो रांजणगावच्याच कुणा सुपरवायझरने घेतला. उंच ओट्यासकट, असं शीलाने मला नंतर सांगितलं. देवाचं देणं हप्ता धरून जेवढं कर्ज बसत होतं, तेवढं मी मंजूर करून घेतलं, आणि त्यात दौंडलाच एक रूम-किचन मिळालं. रेल्वे कॉलनीपासून चालत जाण्यासारखं, जुनं, दुसऱ्या मजल्यावर. शीला कारेगावच्याच खोलीत राहिली. रविवारी येते. आईवर ती बरेच दिवस रुसून होती आणि मी तिला दोष देणार नाही. तिच्या भावाच्या वाट बघण्यात तिची बेडरूम गेली होती, आणि ती तर कुठे पळून गेली नव्हती.

कर्ज दिल्यावर, माणसं राहायला आली की एकदा घर बघायला जावं लागतं, तसं मी गेले. ओटा इथेही बुटकाच होता. भालेराव म्हणाले, पेन्शन सुरू झाली की फोडून उंच करून घेऊ, देव पुरवील. तेरेजाबाईंनी मला दोन खोल्या दाखवायला बराच वेळ घेतला. इथे शीला झोपेल, इथे आम्ही, आणि विल्सन आला तर आम्ही किचनमध्ये सरकू.

“मावशी, खरं सांगा, कारेगाव गेल्याचं वाईट वाटतं?”

“वाटतंय की. रोज वाटतंय. पर तिकडं त्येला आमी सापडलो नसतो, मॅडम. हितनं क्वार्टर जवळ हाय. नवीन लोक आल्यात तिथं, मेंढरंवाल्यांच्यातले, पोरगा रेल्वेत लागलाय. त्यांच्या आजीला सांगून ठिवलंय, आसा आसा पोरगा आला तर त्येला पानी द्या आन् आमच्याकडं धाडा. ती बी व्हय म्हनलीय.”

या प्रकरणातून मी धंद्यापुरतं एक शिकले. कुणी देवाचं देणं आहे म्हणालं की पूर्वी मी ‘किती’ विचारायची. आता आधी ‘कधीपर्यंत’ विचारते. बहुतेक जण ‘जमेल तोवर’ म्हणतात. ते ऐच्छिक, सही घ्यायची, पुढे चालायचं. ज्याचं उत्तर तारखेत येत नाही, त्याला हमीपत्र टाइप करून नेऊ नये. पेट्रोल वाया जातं.

भालेरावांचा हप्ता वेळेवर येतो. त्याच्या आधी पावाचे पैसे जातात, तेही वेळेवर. विल्सनचा पत्ता नाही. त्या दिवशी निघताना मी तेरेजाबाईंना एवढंच सांगितलं, की ज्या दिवशी तो येईल, त्या दिवशी ते देणं फिटेल, तुमची पात्रता वाढेल आणि टॉप-अप लोन, म्हणजे याच घरावर वाढीव कर्ज, बसेल. मला फक्त एक फोन करा, बाकी मी बघते.

“व्हय, करते की,” त्या म्हणाल्या, आणि माझा नंबर नीट लागतोय का, हे बघायला तिथल्या तिथे एक मिसकॉल दिला.