बघितलं, पुढे चला

१४ जून २०१४, शनिवार. मी पुऱ्या तळत होते. वरच्या मजल्यावरच्या काकूंना डोंगरापलीकडचं एक जुनं बाजाराचं गाव दाखवायला न्यायचं होतं. काकू साताऱ्याच्या, मुलाकडे जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला आलेल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. राजवाडा असो की चर्च, भिंतीवर बोटांनी टकटक करायची आणि म्हणायचं, "बघितलं. पुढे चला." फ्रांकफुर्ट काकूंनी जेवणाआधीच उरकलं होतं.

गाडी गावाबाहेर लावून आम्ही शेतांमधून चालत निघालो. काकूंनी जवाची एक ओंबी चोळून तोंडात टाकली. "कच्चं आहे. पुढे चला." त्यांचा मुलगा निखिल घुश्शात होता. सून मृणाल मागे मागे चालत होती. एवढ्या उन्हातही तिने लांब बाह्या घातल्या होत्या. वरच्या घरातले आवाज ऐकून मी तिला पूर्वी दोनदा विचारलं होतं. "पडले," एवढंच म्हणाली होती.

चौकात बाजार भरला होता. भोवती लाकडी चौकटींची तिरकी घरं, मधे कारंजं. मृणालने चेरी घेतल्या आणि चेरीवाल्याच्या कसल्याशा विनोदावर हसली. निखिलने तिचं मनगट पिरगाळलं आणि सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. तिचा ओठ फाटला. त्याने पुन्हा हात उचलला.

काकूंची छत्री त्या हातावर बसली. मग खांद्यावर, मग पाठीवर.

"बापाने माझे दात पाडले, आता तू हिचे पाड!"

काड्या मोडल्या तरी त्या थांबेनात. निखिल कारंज्याच्या कठड्यावर आपटला, भुवई फुटली. चेरीवाल्याने मधे पडून काकूंना आवरलं आणि पोलिसांना बोलावलं.

पोलीसबाई आल्या तेव्हा निखिल मराठीत कुजबुजला, "आई, मृणाल घसरली म्हण. माझी नोकरी जाईल."

काकूंना धाप लागली होती. मला म्हणाल्या, "याने मारलं, सांग बाईला. नेहमी मारतो. आणि याला मी मारलं, तेही सांग."

"काकू, ते दुसरं कशाला..."

"सांग गं."

मी सगळं जर्मनमध्ये सांगितलं. पोलिसांनी निखिलला काही दिवस घरात पाऊल टाकायला बंदी केली. तो हॉटेलात गेला. परतताना काकू मागच्या सीटवर मृणालच्या ओठाला ओला रुमाल धरून बसल्या होत्या. पुऱ्यांना कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. दारातच निखिलची बॅग भरून ठेवलेली. वरचे शर्ट इस्त्री केलेले, कॉलर कडक.

"तूच पोचव," काकू म्हणाल्या. "मी गेले तर त्याला घेऊनच येईन."

मी बॅग उचलली, हॉटेलच्या काउंटरवर ठेवली आणि तो खाली यायच्या आत निघाले.