ऑर्गनचा भाता आणि बाबा

आज सकाळी खडकीतल्या एका जुन्या चर्चमध्ये माझा पहिला एकल कार्यक्रम होता. ब्रिटिशांच्या काळातला पाइप ऑर्गन, इंग्लिश संगीत आणि वाजवणारी मी एकटी.

तिसरी रचना अर्ध्यावर असताना वीज गेली. ऑर्गनला हवा पुरवणारी मोटर बंद पडली आणि सूर रडवेला होत होत विझला. चार वर्षांची मेहनत गेली, असंच वाटलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले माझे बाबा उठले, ऑर्गनमागे गेले आणि तिथल्या हाताने चालवायच्या जुन्या भात्याचा दांडा खालीवर करून हवा भरू लागले. गेल्याच वर्षी त्यांची बायपास झालीय.

"बाबा, नको!"

"तू वाजव गं."

मी वाजवलं. पण सुरांतूनही त्यांची धाप ऐकू येत होती. शेवटी राहवेना. सगळ्यात आवडती, शेवटची रचना सोडून मी उठले.

टाळ्या चालू होत्या. घामाने निथळणारे बाबा म्हणाले, "का थांबलीस? मी दमलो म्हणालो का?"

घरी आल्यापासून ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. खरं सांगा, तुम्ही वाजवत राहिला असतात?