ठाण्याच्या आवारातून विकलेली जळकी गाडी

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी म्हणून मी नुकताच हजर झालो होतो. सकाळची हजेरी घेत होतो, तेवढ्यात मागच्या आवारात नारळ फुटल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर जप्त वाहनांच्या रांगेत एक अनोळखी गृहस्थ हात जोडून उभे. समोरच्या जळक्या मोटारीला झेंडूचा हार, आणि फाटकाशी टोइंगची गाडी.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"पूजा, साहेब. गाडी न्यायला आलोय लातूरहून," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

ती मोटार म्हणजे जुन्या जमान्यातली दोन दारांची विलायती स्पोर्ट्स कार. तालुक्यातल्या एका बागायतदाराने ती हौसेने जपली होती. वाटणीच्या भांडणातून त्याच्या चुलतभावाने शेतावरच्या शेडला आग लावली, असा गुन्हा माझ्या येण्याआधीच आमच्याकडे दाखल होता. राखणदार गाडी बाहेर काढायला आत घुसला आणि त्याचे दोन्ही हात भाजले. बोटं कायमची आखडली. खटला कोर्टात चालू होता आणि गाडी मुद्देमाल म्हणून आमच्या ताब्यात होती. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय जागचा हलत नाही, विकणं तर लांबच.

लातूरकरांचं पंपांचं दुकान होतं आणि जुन्या मोटारींचं वेड. मोबाइलवर त्यांनी जाहिरात दाखवली. 'थोडी जळालेली स्पोर्ट्स कार, मेहनत घेणाऱ्या शौकिनासाठी.' विकणाऱ्याने गाडी लिलावात घेतल्याचं सांगून ती दोन-तीनदा दाखवली होती, आणि दर वेळी आमच्याच आवारात. आमच्याच शिपायाने त्यांना चहाही पाजला होता.

"अहो, ठाण्यात उभी असलेली गाडी घेताना शंका आली नाही?"

"ठाण्यात उभी हाय म्हनूनच तर घेतली, साहेब. भाईर आसती तर चोरीची आसंल म्हनलो असतो."

मी त्यांना फिर्याद द्यायला सांगितलं. ते म्हणाले, "देतो की. पर गाडी मलाच भेटंल ना?" फसवला गेलेला माणूस चिडतो, रडतो, हे मी पाहिलं होतं. हा गाडीचं दार कुठून गंजलंय ते वाकून बघत होता. त्यांना खुर्चीवर बसवून फिर्याद लिहून घेईपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

विकणाऱ्याचं वर्णन ऐकताच जमादाराने मान खाली घातली. "साहेब, ते तर आपलेच मानूस. रोज येऊन राहिले की हितं."

हा आपला माणूस म्हणजे पंच. झडती असो की जप्ती, पोलिसांना दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात, त्यांना पंच म्हणतात. खरं तर ते त्या जागेच्या आसपासचे असावेत. पण कोर्टाच्या तारखांना खेटे घालायला कोणी तयार नसतं, म्हणून ठाण्यासमोरच्या टपरीवर बसणारा हा माणूस बोलावला की यायचा आणि दाखवाल तिथे सही करायचा. त्याला आवारात कोणी अडवत नव्हतं.

त्याला आणलं, तर मी सांगायच्या आत तो खुर्ची ओढून बसला.

"साहेब, मी फसवलं न्हाई. जळाली म्हनूनच इकली. आता ती जळाली न्हाई का?"

"गाडी तुझी आहे का?"

"सडूनच राहिली हाय ना पावसात? कुनाच्या तरी कामाला आली आसती." मग त्याने सहज विचारलं, "माझ्या अटकेला पंच कोन घेऊन राहिले? हुशार मानूस घ्या, साहेब. कोर्टात टिकाय पायजे."

दुपारपर्यंत तो मलाच कायदा शिकवत होता. कोठडीचं नाव काढताच मात्र सूर बदलला. "मला आत टाकाल तर त्या जाळपोळीच्या केसमधी पंच कोन हाय, ते आधी बघा."

मी कागद काढले. राखणदाराने आग लावणाऱ्याला फक्त पाठमोरं पाहिलं होतं. खरा पुरावा एकच, आरोपीच्या गोठ्यातून जप्त केलेला पेट्रोलचा कॅन. त्या पंचनाम्यावर पहिली सही याची आणि दुसरी याच्या मेव्हण्याची.

"गोठा कुठल्या बाजूला होता?" मी विचारलं.

त्याने आधी जमादाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "गोठ्यावर कोन गेलं, साहेब? टपरीवरच सही केली. मेव्हण्यानं बी."

जमादार मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, समज देऊन सोडा याला. राखणदाराची केस बुडंल." तो चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. पण याला सोडलं असतं तर खोट्या पंचनाम्यावर मीही शिक्का मारला असता. मी त्याला अटक केली आणि सरकारी वकिलांना सगळं लेखी कळवलं.

व्हायचं तेच झालं. कॅन पुराव्यातून गेला आणि आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. प्रत्येक तारखेला न चुकता येणारा राखणदार त्या दिवशी मला म्हणाला, "साहेब, गाडी इकनारा घावला. मग जाळनारा कसा काय सुटला?" मी त्याला कलमं समजावत बसलो. त्याने ऐकून घेतलं आणि एसटी धरायला निघून गेला.

कोर्टाने गाडी मालकाला परत दिली. लातूरकरांनी ती मालकाकडून रीतसर विकत घेतली आणि काही वर्षं खपून उभी केली. मी निवृत्त झाल्यावर एके दिवशी ती लालचुटूक गाडी घेऊन ते माझ्या नांदेडच्या घरी हजर. "चला साहेब, एक चक्कर मारू." मी म्हणालो, चक्कर मारायची तर राखणदाराच्या गावाला.

तो ओट्यावर बसला होता. उठून गाडीभोवती फिरला. "लई झ्याक झाली," म्हणाला.

"बसा की मामा," लातूरकर आतूनच म्हणाले.

तो दारापाशी उभाच राहिला. "उघडा की तुमीच. मला धरता येत न्हाई."

मी दार उघडून दिलं. अजूनही नवे अधिकारी भेटले की मी सांगतो, ठाण्याच्या दारातला पंच घेऊ नका. जागेजवळचा, नको नको म्हणणारा माणूस हातापाया पडून न्या. ते मान डोलावतात, साहेब बरोबर आहे म्हणतात. मग मी विचारतो, तुमच्या ठाण्यासमोर टपरी आहे का, तिथे रोज कोण बसतं. ते हसतात, आणि माझं डोकं पुन्हा फिरतं.